सारसचे प्रोपेलर मागे का होते आणि पुढे का आले, हे आम्हाला वाचू द्या

प्रति,
महासंचालक, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर), नवी दिल्ली
आणि
संचालक, नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज (एनएएल), बेंगळुरू

विषय: सारस विमानाच्या मूळ पुशर (मागून ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या) आराखड्याच्या तांत्रिक नोंदी अभ्यासासाठी खुल्या करण्याबाबत

सादर नमस्कार विनंती विशेष.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. विमान हा माझ्या नोकरीचा विषय नाही, पण विमाने बनवणाऱ्या मुलांच्या चमूचा मार्गदर्शक म्हणून गेली बरीच वर्षे माझा जीव त्यातच अडकलेला आहे. ही मुले बाल्सा लाकूड, फोम आणि कार्बन फायबरच्या नळ्या वापरून रिमोटवर उडणारी विमाने बांधतात आणि स्पर्धांना नेतात. अलीकडे त्यांच्या आराखड्यांत प्रोपेलर हटकून मागे असतो. नाकात कॅमेरा बसवायचा असतो आणि त्याच्यासमोर काही आडवे यायला नको असते. प्रोपेलर मागे गेला की प्रश्न सुरू होतात. मोटर थंड कशी ठेवायची? गुरुत्वमध्य मागे सरकला, आता नाकात किती शिसे घालायचे? पाती पंखाच्या किती जवळ चालतील? उत्तरे देताना मी अमेरिकेतली आणि इटलीतली विमाने सांगतो. आपल्या देशाने याच मांडणीचे सारस हे १४ आसनी विमान बांधले, उडवले, त्यात तीन माणसे गमावली, पुन्हा उडवले आणि मग ती मांडणी सोडून दिली. या सगळ्यातून काय कळले, ते मात्र मला मुलांपुढे ठेवता येत नाही.

मागणी आधीच सांगतो. मागे प्रोपेलर असलेल्या मूळ सारसच्या तांत्रिक नोंदी खुल्या कराव्यात. त्यांचा एक संच पुण्यात ठेवावा. पाषाणला आपल्याच परिषदेची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिच्या ग्रंथालयात एक कपाट पुरेल. ही मागणी मी का करतो आहे, ते आता थोडे विस्ताराने लिहितो.

सारसला १९९९ मध्ये मंजुरी मिळाली. २९ मे २००४ रोजी पहिले नमुना विमान बेंगळुरूला उडाले. धडाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना आखूड आधारांवर टर्बोप्रॉप (टर्बाइनने प्रोपेलर फिरवणारी) इंजिने आणि त्यांचे प्रोपेलर मागे तोंड करून, अशी ती रचना होती. मोठी विमाने जिथे परवडत नाहीत अशा गावांना जोडणारे लहान, आरामशीर विमान, हा उद्देश होता. सोलापूर, नांदेड, जळगाव, रत्नागिरी अशा ठिकाणांची विमानसेवा कधी सुरू कधी बंद पाहत आलेल्या महाराष्ट्राला तो उद्देश समजावून सांगायची गरज नाही. २००७ मध्ये दुसरे नमुना विमान उडाले. ६ मार्च २००९ रोजी ते बेंगळुरूजवळच्या बिडदीपाशी कोसळले. पहिल्या विमानाची सुधारित आवृत्ती २४ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा आकाशात गेली. त्यानंतर १९ आसनी सारस मार्क-२ चे काम पुढे आले आणि त्याच्या आराखड्यात इंजिने पंखांवर गेली, प्रोपेलर समोर आले.

हा बदल चुकला असे माझे म्हणणे नाही. कदाचित तो पूर्णपणे योग्य असेल. पण एवढा मोठा निर्णय कोणत्या मोजमापांवर झाला, हे शिकणाऱ्या माणसाला कुठेही सलग वाचायला मिळत नाही. परिषदांमध्ये वाचलेले निबंध आहेत, प्रसिद्धिपत्रके आहेत, वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत. सगळे तुकड्यातुकड्यांनी आहे.

प्रोपेलर मागे ठेवण्यामागचा विचार मुळात चांगला आहे. मंडईतला हमाल हातगाडी मागून ढकलतो तेव्हा समोरचा रस्ता त्याच्या मालासाठी मोकळा असतो, तसेच इथे पंखाला आणि धडाला न ढवळलेली हवा मिळते. पुढच्या प्रोपेलरने मागे फेकलेली वेगवान, पीळ पडलेली हवा इंजिनाच्या आवरणावर आणि पंखावर घासत जाते, तो विरोध टळतो. प्रवासी पात्यांच्या पुढे बसतात, त्यामुळे आतला आवाज कमी होतो. सारससारखी इंजिने धडाला चिकटून असली तर एक बंद पडल्यावर विमान एका बाजूला कमी ओढले जाते. ही कल्पना जुनीही आहे. १९०३ मध्ये राइट बंधूंच्या विमानाचे दोन्ही प्रोपेलर पंखांच्या मागे होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला टपाल घेऊन गेलेले हंबर-सोमर विमानही याच जातीचे. आपल्या देशातले पहिले हवाई टपाल मागून ढकलणाऱ्या प्रोपेलरने नेले!

अडचणी बारकाव्यांत आहेत. मागचा प्रोपेलर स्वच्छ हवेत फिरत नाही. समोरच्या पंखाने, आधाराने आणि आवरणाने हवेत मंदावलेल्या पट्ट्या तयार केलेल्या असतात आणि प्रत्येक पाते प्रत्येक फेरीत त्या पट्ट्या कापत जाते. दर वेळी पात्यावरचा भार क्षणभर बदलतो. मिनिटाला हजारांहून अधिक फेऱ्या धरल्या, तर हजारो तासांच्या आयुष्यात धातूला किती वेळा असा हिसका बसेल याचा हिशेब मुलांनी वर्गात करून पाहावा असा आहे. त्यातून कंपने येतात, थकवा येतो आणि बाहेर ऐकू येणारा आवाजही वाढतो. सारसमध्ये बसवलेल्या पीटी-६ जातीच्या इंजिनाची तर आणखी एक गंमत आहे. त्यात हवा मागून आत शिरते आणि जळालेले वायू प्रोपेलरच्या बाजूने बाहेर पडतात. नेहमीच्या विमानात ते नाकाजवळून बाहेर पडून मागे निघून जातात. इंजिन उलटे बसवले की तेच तापलेले वायू पात्यांमधून जातात. इटलीच्या पियाजिओ अवांती विमानात याच उष्णतेमुळे पात्यांवर बर्फ साचत नाही. एकाच गोष्टीचा तोटा आणि फायदा कसा होतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. शिवाय चाकांनी उडवलेले खडे आहेत, पंखावरून सुटलेला बर्फ आहे, टेकऑफच्या वेळी शेपूट खाली जाताना जमिनीपासून राखायचे अंतर आहे आणि मागे सरकलेला गुरुत्वमध्य तर आहेच.

सारसमध्ये यातले काय कितपत जाणवले? केबिनमध्ये आवाज किती डेसिबल भरला? आधारावर बसवलेल्या संवेदकांनी कोणती कंपने टिपली? हे आकडे आपल्याकडे असणारच, कारण चाचणी-उड्डाण करतात तेच मुळी आकड्यांसाठी.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती वजनाच्या नोंदवहीची. पहिले नमुना विमान ठरवलेल्या वजनाच्या मानाने शेकडो किलोंनी जड झाले, हे सर्वांना माहीत आहे. पहिल्या विमानात ८५० अश्वशक्तीची इंजिने होती. सुधारित आवृत्तीबद्दल आपल्याच पत्रकात १२०० अश्वशक्तीची दोन इंजिने, १०४ इंच व्यासाचे प्रोपेलर, सुधारलेली नियंत्रण व्यवस्था, सुकाणूचे क्षेत्रफळ, आणि ७१०० किलो वजन पेलतील अशी मुख्य चाके व ब्रेक यांचा उल्लेख होता. मोठ्या इंजिनांचे कारणही त्यात होते: टेकऑफनंतर चाके आत घेतल्यावर एकच इंजिन चालू असताना विमानाने ठरावीक चढणीने वर गेले पाहिजे, ही प्रमाणपत्राची अट. आता ही साखळी पाहा. वजन वाढले म्हणून चढण कमी पडली. चढण कमी पडली म्हणून इंजिन मोठे केले. इंजिन मोठे केले म्हणून प्रोपेलर मोठा लागला. ताकद वाढली की एक इंजिन बंद पडल्यावर विमान जास्त वळू पाहते, मग सुकाणूने जास्त काम करायचे. आणि या सगळ्याचे वजन मागच्या बाजूला पडते, ते तोलायला पुढे काहीतरी करावे लागते. ही साखळी मी बाहेरून, जाहीर झालेल्या आकड्यांवरून जुळवतो आहे. ती खरोखर अशीच घडली की वेगळ्या क्रमाने, हे फक्त आपली कागदपत्रे सांगू शकतात. माझा कयास असा आहे की या विमानाला प्रोपेलरच्या जागेपेक्षा वजनानेच अधिक छळले. तो चुकीचा ठरला तरी मला आनंदच होईल, कारण मग तो कशाने चुकला ते आम्हाला कळलेले असेल.

२००९ च्या अपघाताविषयी लिहिताना हात जड होतो. विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शहा आणि स्क्वाड्रन लीडर इळयराजा त्या दिवशी गेले. उडत असताना एक इंजिन मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करण्याची ती चाचणी होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या चौकशीत बोट ठेवले गेले ते इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या चुकीच्या पद्धतीवर, जी आराखडा करणाऱ्यांनीच ठरवून दिली होती, आणि त्यासाठीच्या अपुऱ्या उंचीवर. तरीही आजसुद्धा अभियंत्यांच्या गप्पांत 'प्रोपेलर मागे होता म्हणून पडले' असे सहज बोलून टाकतात. मुले ते ऐकतात आणि तेच धरून चालतात. पूर्ण नोंद समोर नसली की तिची जागा ऐकीव गोष्टी घेतात. त्या तिघांनी जीव देऊन जे शिकवले, ते अशा ऐकीव वाक्यात विरून जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

इतर देशांतही असे झाले आहे. अमेरिकेत लिअर फॅन विमानात दोन इंजिने एकाच गिअरबॉक्समधून शेपटीच्या टोकावरचा एकच प्रोपेलर फिरवत. १ जानेवारी १९८१ रोजी ते उडाले, पण त्या गिअरबॉक्सच्या भरवशाबद्दल प्रमाणपत्र देणाऱ्यांचे समाधान झाले नाही आणि १९८५ मध्ये कंपनीच बुडाली. बीचक्राफ्ट कंपनीच्या स्टारशिपची ५३ विमाने बांधून काम थांबले. २००३ मध्ये ती विमाने परत विकत घेऊन मोडीत काढायचे ठरले. अवांती मात्र १९८६ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि बाजारात टिकले. तिन्ही पुशर, तिघांचे नशीब वेगळे, आणि प्रत्येकाचे कारण कुठे ना कुठे वाचता येते. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये ज्या हौशी बांधणीच्या लाँग-ईझी या पुशर विमानात गेले, त्याची चौकशीसुद्धा सर्वांना खुली आहे. इंधनाची टाकी बदलण्याची मूठ बांधणाऱ्याने मूळ आराखड्यातली जागा सोडून पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. माझी मुले कॉकपिटचे चित्र काढायला बसतात तेव्हा हे त्यांना सांगता येते, कारण ते लिहिलेले आहे.

लाँग-ईझीचा विषय निघाला म्हणून आपल्याच घरातले उदाहरण देतो. अमेरिकेतले विमान-रचनाकार बर्ट रुतान यांच्या त्याच आराखड्याच्या आधाराने एनएएलमध्ये प्राध्यापक रुस्तम दमानिया यांच्या पथकाने १९८० च्या दशकात एक लहान विमान बांधले होते: पुढे छोटे कॅनार्ड पंख, मागे प्रोपेलर आणि सगळा सांगाडा कंपोझिटचा. लाइट कॅनार्ड रिसर्च एअरक्राफ्ट असे त्याचे नाव. ते कधी बाजारात आले नाही. पुढे एनएएलने हंसा हे लहान प्रशिक्षण विमान बनवले आणि त्याचा प्रोपेलर समोर होता. कुणालाही वाटावे की कॅनार्डची गोष्ट तिथे संपली. पण वीसेक वर्षांनी डीआरडीओला वैमानिकाशिवाय उडणारे विमान हवे होते, तेव्हा याच सोडून दिलेल्या आराखड्यावरून रुस्तम-१ उभे राहिले. १६ ऑक्टोबर २०१० रोजी ते यशस्वीपणे उडाले आणि त्याला नाव मिळाले दिवंगत दमानियांचे. मागचा प्रोपेलर आणि नाकात कॅमेऱ्यांसाठी मोकळी जागा, ही मांडणी प्रवासी विमानापेक्षा तिथेच जास्त शोभली. दमानियांच्या पथकाचे काम कुणाच्या तरी कपाटात, कुणाच्या तरी स्मरणात टिकले, म्हणून हे घडू शकले. सारसवर तर त्याच्या कितीतरी पट जास्त काम झाले आहे. पुण्यात आज लहान-मोठ्या कंपन्या ड्रोन बनवतात, गिरीनगरला संरक्षण खात्याचे विद्यापीठ आहे, दिघीला आणि पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. त्या कामाचा उपयोग इथे कुणाला होईल हे मला आज सांगता येणार नाही, आणि दमानियांनाही ते १९८० च्या दशकात सांगता आले नसते.

आपल्याकडे ज्ञान माणसाकडून माणसाकडे जाते. कोल्हापूरजवळच्या हसूरचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्यापाशी शिकले, परत आले आणि १९५१ मध्ये त्यांनी रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी पुढचे अभियंते घडवले. ही परंपरा मोलाची आहे, पण तिच्यात एक धोका आहे. सारसच्या पहिल्या आराखड्यावर राबलेले अनेक जण आता निवृत्त झाले असतील. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कागदावर नसेल, किंवा कागदावर असून कुणाला सापडत नसेल, तर दहा वर्षांनी ते कुठून आणायचे?

महाराष्ट्रात शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या चौपाटीवरच्या उड्डाणाची गोष्ट दरवर्षी नव्याने सांगितली जाते. त्या गोष्टीला आधार म्हणून दिली जाणारी, पुराणकाळातली म्हणून सांगितलेली विमाने उडूच शकत नाहीत, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. तरी गोष्ट चालू राहते, कारण लोकांना आपले असे काहीतरी हवे असते. त्या भावनेला मी हसत नाही. तळपद्यांच्या प्रयत्नाचे एकही मोजमाप हाती नाही, त्यामुळे त्यातून आज कुणाला काही शिकता येत नाही, एवढेच मला खटकते. सारसच्या उड्डाणांची मोजमापे आहेत. आपले म्हणून अभिमानाने दाखवावे असे काम तिथे झाले आहे, आणि ते मुलांना माहीतच नाही.

इथली मुले ते पेलू शकतात. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीने अवकाशात सोडला. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या दोराने वर चढणारे ग्लायडर पाहत या शहराच्या पिढ्या वाढल्या आहेत. आकाशाचे वेड इथे आहेच, आता वाचायला खरी सामग्री हवी आहे.

म्हणून नेमके सांगतो. पुढील कागद मिळाले तर आम्ही धन्य होऊ: वजनाचा ठरवलेला आणि प्रत्यक्षातला इतिहास, कोणत्या भागात किती आणि का वाढले यासह, पवनबोगद्यातल्या चाचण्यांचे निष्कर्ष, उड्डाणांतली कंपनांची आणि आवाजाची मोजमापे, आणि मार्क-२ साठी प्रोपेलर पुढे नेताना दोन्ही मांडण्यांची जी तुलना झाली असेल ती. इंजिन आणि प्रोपेलर पुरवणाऱ्या कंपन्यांची गुपिते त्यात असतील, करारांची बंधने असतील, हवाई दलाशी संबंधित काही भाग असेल. ते सगळे वगळा. काळी पट्टी मारलेली पानेही चालतील. आणि या प्रकल्पावर काम केलेले जे कुणी आज हयात आहेत, त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा. हे काम कागदांच्याही आधी हाती घ्यायला हवे. नमुना विमानाचे जे भाग आज शिल्लक असतील ते भंगारात काढू नका. एखादा आधार, एखादे आवरण, शेपटीचा तुकडा जरी पुण्यातल्या प्रयोगशाळेत आला, तरी रिव्हेटच्या रांगेवर बोट फिरवत मुले एका दुपारी जे शिकतील ते माझ्या फळ्यावरच्या तासांत होत नाही.

आमच्याकडून जे देता येईल ते देतो. कागद स्कॅन करणे, त्यांची सूची बनवणे, आकडे तक्त्यांत भरणे, प्रत्येक अहवालाचा मराठीतून परिचय लिहिणे, हे काम पुण्यातले विद्यार्थी आणि शिक्षक विनामोबदला करतील. त्यासाठी बेंगळुरूला येऊन राहायचीही आमची तयारी आहे. सुट्टीच्या काळात सहा-सात जणांची तुकडी पाठवता येईल. बसायला एक टेबल आणि आपल्याकडचा एक जाणकार एवढे मिळावे.

उत्तर नकारार्थी असेल तरी कोणते कागद देता येत नाहीत आणि कोणत्या कारणाने, हे लेखी कळवावे. म्हणजे उरलेल्यांसाठी पुन्हा अर्ज करता येईल.

कळावे.

आपला नम्र,
यंत्र अभियांत्रिकीचा एक शिक्षक, पुणे